मयत खातेदार

'ड्रॅक्युला' वाचून संपवला. व्यवहार कच्चा आहे.

ब्रॅम स्टोकरची ही 1897 सालची कादंबरी. लोक तिच्यातलं रक्त, सुळे आणि वटवाघळं यांबद्दलच बोलतात. मुळात ती एका खरेदीखताची गोष्ट आहे, हे कुणी सांगतच नाही. एक्सेटरच्या एका वकिलाचा माणूस, जोनाथन हार्कर, ट्रान्सिल्व्हेनियात जातो तो काही भूत बघायला नव्हे. गिऱ्हाइकाला मिळकतीचे कागद समजावून सांगायला जातो. जायचं खरं तर वकिलालाच होतं, पण त्याचे सांधे धरले म्हणून यानं पिशवी उचलली. मिळकत लंडनजवळ पर्फ्लीटला. नाव कारफॅक्स. क्षेत्र वीस एकर, भोवती दगडी कंपाउंड, आत अंधारा वाडा, जुनं प्रार्थनाघर आणि शेजारी वेड्यांचं खासगी इस्पितळ. एवढी चतुःसीमा ऐकल्यावर आमच्या जिल्ह्यातलं शेंबडं पोरगंसुद्धा विचारील, सर्च काढला का? मागचा मालक कोण? वाट कुठून आहे? हार्कर यातलं काहीच मनावर घेत नाही. उलट गिऱ्हाइकाच्या हुशारीनं भारावून जातो. आणि गिऱ्हाईक काय विचारतंय? एकाच वेळी दोन-तीन वकील लावता येतात का? म्हणजे एकाचं काम दुसऱ्याला कळायला नको. आमच्या ओळीत बसणाऱ्या नव्या पोरांना मी सांगून ठेवलंय, असा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक आलं की पेनाला टोपण लावायचं आणि चहाला जायचं. पुढचे चारशे पानांचे हाल वाचतात.

पुढं तर कहरच आहे. हे गृहस्थ लंडनच्या पिकॅडिलीत दुसरं घर घेतात ते 'काउंट द व्हिल' या नावानं. सरळ बेनामी. वर वार्नाहून व्हिटबीला बोटीनं काय आणतात, तर पन्नास पेट्या माती. रॉयल्टी भरल्याची पावती नाही, वाहतूक पास नाही. गोदाकाठच्या माणसाला गौण खनिजाचा दंड म्हणजे काय ते विचारा. सूर्यप्रकाश, लसूण, क्रूस ही सगळी लांबची गोष्ट झाली, एका पथकाचं काम होतं. शिवाय हा माणूस आरशात दिसत नाही, म्हणजे रजिस्ट्रीच्या कॅमेऱ्यातही येणार नाही, आणि फोटो नाही तर दस्त नाही. ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात, ते आणणार कुठून? यानं ज्यांना ओळखलं ते सगळे मयत. शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. तेवढा एक मात्र त्याच्याकडं पेट्या भरून होता.

मी परवानाधारक दस्तलेखक. जुनी माणसं अजून अर्जनवीस म्हणतात, नवी पोरं बाँडवाला म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लिंबाखाली टेबल आहे, त्यावर कॉम्प्युटर आणि प्रिंटर. सर्व्हर चालू असला की हे सगळं चालू, सर्व्हर गेला की मी वाचतो. महाराष्ट्रात इंटरनेटनं वाचनसंस्कृती वाढवली असेल तर ती अशी. पुस्तकं पुरवतो भाचा. तो छत्रपती संभाजीनगरला इंग्रजी साहित्य शिकतो, सुट्टीला येताना पिशवी भरून आणतो आणि जाताना शिळ्या भाकरी घेऊन जातो. हल्ली त्याचं सगळं वाचन काळोखाचं आहे: पडके वाडे, शाप, तळघरं, राक्षसी राजवटी. 'मामा, वातावरण बघा,' म्हणाला. मी बघितलं. मला मिळकत दिसली.

आणि एकदा दिसली ती दिसलीच. या प्रकारच्या, म्हणजे गॉथिक, साहित्याचा पहिला ग्रंथ म्हणून होरेस वॉलपोलच्या 'कॅसल ऑफ ओट्रांटो'चं नाव घेतात. 1764 सालचा डिसेंबर. पहिल्याच पानांत लग्नघरात आभाळातून भलंमोठं शिरस्त्राण पडतं आणि नवरदेव त्याखाली चिरडून मरतो. वाचक दचकतो. मी पुढं वाचत गेलो तर कळलं की नवरदेवाच्या पणजोबानं मूळ मालकाला विष घातलं होतं आणि बनावट मृत्युपत्र करून गढी नावावर करून घेतली होती. शिरस्त्राण मूळ मालकाच्या पुतळ्याचं. म्हणजे ती हरकत होती! आमच्याकडं फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस मिळतात. तिथं नोटीसच निघाली नव्हती, म्हणून हरकतदारानं तीन पिढ्या थांबून लोखंड टाकलं. खरा वारस शेतकऱ्याच्या वेशात त्याच आवारात वावरत असतो, आणि शेवटी मिळकत त्याच्याकडं जाते. यात भयानक काय आहे? उशीर झाला, एवढंच.

या ग्रंथाच्या साधारण सोळा महिने आधी, 10 ऑगस्ट 1763 ला, आमच्या जिल्ह्यात राक्षसभुवनला पेशव्यांची आणि निजामाची लढाई झाली. पावसाळा, गोदावरी दुथडी भरलेली, निजाम पलीकडच्या काठावर, निम्मी फौज अलीकडं अडकलेली, त्यात त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. माधवराव पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे. नदी, पूर, अंधारून आलेलं आभाळ, प्रेतं, आणि गावाचं नाव राक्षसभुवन. वॉलपोलला इटलीपर्यंत जायची गरज नव्हती. गेवराईला उतरून विचारलं असतं तर कुणीही वाट दाखवली असती. आणि ती लढाईसुद्धा शेवटी मुलखाच्याच हिशोबाची.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे: पुस्तकातलं भूत म्हणजे सातबाऱ्यावर नाव न लागलेला वारस. त्याला किंचाळायची, साखळ्या वाजवायची हौस नसते. त्याचा अर्ज कुणी घेतलेला नसतो.

शेरिडन ले फॅनूचा 'अंकल सायलस' घ्या, 1864 चा. बाप मरताना अज्ञान मुलीला चुलत्याच्या हवाली करतो, आणि मृत्युपत्रात लिहून ठेवतो की पोरगी सज्ञान व्हायच्या आत मेली तर सगळं चुलत्याला. समीक्षक म्हणतात, कादंबरीत हळूहळू भय दाटत जातं. हळूहळू कशाला? अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून चुलत्याचं नाव लागलं त्याच ओळीत मी घामाघूम झालो होतो. भावकी ज्यानं बघितली आहे त्याला पुढची तीनशे पानं वाचायची गरज नाही. 'वुदरिंग हाइट्स'मधला हीथक्लिफ लोकांना प्रेमात वेडा झालेला वाटतो. तो सावकार आहे. जुगारी हिंडलीला पैसे देत देत त्याची इंच न् इंच जमीन गहाण ठेवून घेतो आणि त्याच्या पोराला त्याच घरात गडी करून ठेवतो. हे आज आमच्याकडं झालं असतं तर पोरानं 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज केला असता. कादंबरी निम्म्यात संपली असती, पण केस मात्र चालू राहिली असती.

सगळ्यात मोठी थाप मात्र 'जेन एअर'मध्ये आहे. माळ्यावर कोंडलेली वेडी बायको मी मान्य करतो. ती लग्नात तीस हजार पौंड घेऊन आली होती आणि धाकट्या मुलाच्या वाट्याला जमीन येऊ नये म्हणून बापानं ते लग्न जमवलं होतं, हे सगळं व्यवहाराला धरून आहे. पण शेवटी जेनला काकाकडून वीस हजार पौंड मिळतात. आणि ती काय करते? आत्ताच ओळख पटलेल्या तीन आत्तेभावंडांना बोलावते आणि पैशाचे सरळ चार समान भाग करते. कुणी मागितलं नाही, कोर्ट नाही, पंच नाही, बायका एकमेकींच्या झिंज्या धरत नाहीत. भाचा म्हणाला, 'मामा, ही वास्तववादी कादंबरी आहे.' मी म्हटलं, बाळा, तुझे ते शाप मला पटले, पण हे नाही पटत.

आता वातावरणाबद्दल. या पुस्तकांत पाऊस फार. पहिल्या पानापासून धो धो. भिंतींना ओल, कोपऱ्यात बुरशी. सिल्विया मोरेनो-गार्सियाची 'मेक्सिकन गॉथिक' नावाची 2020 ची कादंबरी आहे, तिच्यात तर बुरशीच घरमालक आहे म्हटलं तरी चालेल. भाच्याला ती वाचून झोप लागली नाही. मला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आत भागवायची सवय. भिंतीला आपोआप ओल आलेली आमच्या गल्लीत कळली, तर घाबरणं लांबच, दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं बोअर मारायला गाडी उभी राहील. 'तुंबाड' सिनेमातही तेच. 2018 ला आला तेव्हा आणि पुन्हा लागला तेव्हा, दोन्ही वेळा बघितला. हस्तर, सोन्याची मोहर, कणकेची बाहुली, सगळं छान. पण देवांनी चिडून त्या गावाला शाप काय दिला, तर न थांबणाऱ्या पावसाचा! थिएटरात माझ्या मागं बसलेला माणूस म्हणाला, 'अन् ह्यो शाप मिळायला काय करावं लागतंय?'

मराठी काळोखाबद्दल माझी एक रीतसर तक्रारही आहे. नारायण धारपांचे वाडे, त्यांचा समर्थ, त्यांची 'लुचाई' मी भक्तिभावानं वाचली आहेत. हृषीकेश गुप्ते यांची 'अंधारवारी' तर दिवसा वाचूनही रात्र खराब झाली. पण एकूण हिशोब मांडला तर भुतं कोकणात, पोफळीच्या बागा कोकणात, विहिरीतली बाई कोकणात. फार तर पुण्यामुंबईत एखादा फ्लॅट. मराठवाड्याच्या वाट्याला काय? दांडेकर समितीनं 1984 मध्ये रस्ते, सिंचन, वीज यांचा अनुशेष मोजला. भुतांचा मोजलाच नाही.

आणि आमच्याकडं माल नाही असंही नाही. अंबाजोगाईची योगेश्वरी घ्या. तिचं लग्न परळीच्या वैद्यनाथाशी ठरलं, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला, आणि अख्खं वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. हत्तीखान्यात ते दगडी हत्ती आजही उभे आहेत, जाऊन बघा. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये लग्न मोडलेली एक म्हातारी घड्याळं बंद करून, जुना केक तसाच ठेवून बसते, तर तिच्यावर प्रबंध लिहिले गेले. इथं हत्तींसकट वऱ्हाड बसलंय. अंबाजोगाई ते परळी पंचवीसेक किलोमीटर. इतक्या जवळचा मुहूर्त कसा चुकला, असा प्रश्न मला लहानपणी पडायचा. त्या रस्त्यानं पावसाळ्यात एस.टी.नं गेल्यावर पडायचा थांबला.

गावोगावचे मुंजेही आहेत. मुंजा म्हणजे मुंज झाली, लग्न व्हायच्या आत गेला असा पोरगा; कायद्याच्या भाषेत अज्ञान वारस. पिंपळावर राहतो. पिंपळ बांधावर असतो, आणि बांध कुणाचा यावर दोन्हीकडच्या पिढ्या कोर्टात असतात. मुंज्याला दोघंही भितात, म्हणून पिंपळाखालचं गुंठाभर रान कुणी नांगरत नाही. मोजणीवाला आला की तो भाग पोटखराब्यात दाखवतो. आमच्या भागात गेल्या शंभर वर्षांत कुणाची हद्द शाबूत राहिली असेल तर मुंज्याची.

आता एक गोष्ट जरा हळू सांगतो, कारण ती माझ्याच टेबलावरची आहे. राखीपौर्णिमा झाली की बहिणी येतात. भावानं नवी साडी नेसवलेली असते, घडी मोडलेली नसते, खांद्यावर पिनेचं भोक ताजं असतं. सोबत भाऊ आणि हक्कसोड पत्राचा पाचशेचा बाँड. 2005 च्या दुरुस्तीनं मुलीचा हक्क मुलाबरोबरीनं झाला, तेव्हापासून साड्यांचा खप वाढला असावा असा माझा अंदाज आहे. मी टाइप करतो: मी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाला बळी न पडता. हे वाक्य कॉम्प्युटरमध्ये तयारच असतं, फक्त नाव बदलायचं. मग आत अंगठा. इथं घोटाळा होतो. ऊसतोडीला जाऊन कोयत्याच्या मुठीनं अंगठा इतका घासलेला असतो की मशीनला रेघाच दिसत नाहीत. पदराला पुसून पुन्हा. पाण्याचा हात लावून पुन्हा. मशीन लाल दिवा दाखवत राहतं. मागं भाऊ घड्याळ बघतो, ऑपरेटर म्हणतो जोरात दाबा मावशी. गेल्या राखीला एका मावशीनं तेवढ्यात मला विचारलं, 'भाऊ, ह्या मशीनला मी दिसंना, मग जमिनीला कशी काय दिसले?' मी आरशात न दिसणाऱ्या माणसाची कादंबरी वाचत होतो. ती मिटून ठेवली.

2025 च्या एप्रिलात सरकारनंच गॉथिक साहित्याच्या क्षेत्रात पाऊल टाकलं. मोहिमेचं नाव 'जिवंत सातबारा'. उताऱ्यावरच्या मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायची. तेव्हा कुठं लोकांच्या ध्यानात आलं की आपल्या शिवारात निम्मे मालक वारलेले आहेत. आजोबा मयत, पणजोबा मयत, पण विम्याचा अर्ज त्यांच्याच नावानं, कर्जाचा बोजा त्यांच्याच डोक्यावर. आमच्या ओळीत तेव्हा जत्रा भरली होती. एका कुटुंबाचा उतारा काढला तर सात खातेदार, सातही गेलेले, आणि जमीन मात्र दरवर्षी पेरली जातेय, कापूस निघतोय. स्टीफन किंगला असलं गाव रचायला मेहनत लागते. एकाचा मृत्यूचा दाखला सापडेना, तर नातू वैतागून म्हणाला, 'म्हातारा मेला ते गावाला माहीत आहे, फक्त त्याला अन् ऑफिसला माहीत नाही.' जुने कागद उर्दूत, त्याआधीचे मोडीत. ते वाचणारा एखादा म्हातारा सापडला तर लोक त्याला गाडी करून आणत होते, चहा पाजत होते आणि तो काय बोलतो याकडं मांत्रिकाकडं बघावं तसं बघत होते.

एवढं सगळं झाल्यावर माझ्या सिद्धांताला तडा दिला तो जी. ए. कुलकर्णींनी. धारवाडला बसून इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसानं जे काळोखाचं लिहिलं, त्याला माझी फूटपट्टी लागत नाही. 'रमलखुणा'तली माणसं घ्या: घर नाही, गाव नाही, नुसते वाटसरू. भूमिहीन. त्यांच्याकडून माझ्या टेबलावर एक कागद होणार नाही. मग कशाची भीती वाटते, ते मला अजून सांगता येत नाही, आणि भाचा सांगतो ते त्याला तरी कळतं का याची शंका आहे.

त्यात 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' ही कथा म्हणजे तर माझ्या मताची पूर्ण उलटापालट. तिथं वारसाला कुणी डावलत नाही, उलट हुडकून आणतात. एका परक्या माणसाला मठात नेतात, चांगलंचुंगलं खाऊ घालतात, आणि खाली एका बंद खोलीत कायमचं ठेवतात. का, तर पुढचा स्वामी तोच. सगळं मिळेल: जेवण, वस्त्रं, पुस्तकं, मान. बाहेर मात्र यायचं नाही. झरोक्यातून येईल तेवढा उजेड. माझ्या सगळ्या आयुष्यात नको असलेला वारसा कुणावर लादलेला मी बघितला नव्हता. कर्ज सोडून. ती कथा वाचून मी पहिल्यांदा, भर दुपारी, लिंबाखाली, माणसांच्या गर्दीत घाबरलो.

त्या दिवशी सर्व्हर सकाळपासून गेलेला. बाकावर वडवणीकडचे एक बाबा नंबरची वाट बघत बसले होते. 'काय वाचताय एवढं तोंड करून?' म्हणाले. मी त्यांना सगळी कथा सांगितली. चांगली रंगवून सांगितली. दार कसं बंद होतं, आधीच्या स्वामीचं काय झालं, झरोका केवढा, हे सगळं. बाबांनी तंबाखू मळायची थांबवली. शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, लागली गोष्ट.

'मठाला जमीन किती होती?' त्यांनी विचारलं.

म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

'दोन वेळचं जेवण मात्र नक्की?'

'नक्की.'

'काम काय करायचं?'

'काहीच नाही. नुसतं बसायचं.'

बाबांनी तंबाखू दाढेला धरली, इकडंतिकडं बघितलं आणि बाकावरच माझ्याकडं सरकले. 'सायब, तिथला पत्ता काढता येईल का? आमचा थोरला डी.एड. होऊन घरीच बसलाय.'